वाटेवरचा पाट

ऐरोली, ९ ऑक्टोबर २०२४

विपुल राजा,

आत्याने हाताने पत्र लिहिलं म्हणून दात काढू नकोस. लिहून झालं की उन्नती फोटो काढून तुझ्या फोनवर टाकेल. तुझ्या या बहिणीला तेवढं एकच काम मी सांगते आणि तेही ती तोंड वाकडं करून करते. व्हिडिओ कॉलवर तुझ्याशी बोलायची आता सोय राहिलेली नाही. गोठिवलीच्या घरात तुझा कॉल आला की ग्रामसभा भरते. तुझा बाप मध्येच कोळंबीचा भाव सांगतो, तुझी आई रडते आणि मुद्द्याचं राहून जातं.

तर मुद्दा. फेब्रुवारीत लग्न ठरलंय आणि तुझा बाप, आमचा हरेशदादा, आत्तापासून हवेत आहे. गावात पहिली युक्रेनची सून येणार म्हणून त्याने रबाळ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय. पत्रिका छापायला टाकायचीय, म्हणून मुलीच्या आईवडलांची नावं, गाव, आजा-पणजा, सगळं नीट मराठीत लिहून पाठव.

आणि हे फक्त पत्रिकेसाठी नाही. गोजराकाकी धवला गायला तयार झालीय! पंचाहत्तरी ओलांडलीय, गुडघे गेलेत, पण आवाज अजून तसाच आहे. तू शहरी इंग्रजी शाळेतला, म्हणून सांगते: मंगलाष्टका भटजी म्हणेल, पण धवलारणीने धवला गाऊन देवांना आणि पितरांना बोलावल्याशिवाय आपल्यात लग्न लागलं असं कोणी मानत नाही. दोन्ही घरचे गेलेले आधी येतात, मग जिवंत पाहुणे. काकी मला म्हणाली, "पोरी, तिचा गावदेव सांग, तिची नदी सांग, तिचे पितर सांग. पितरांना हाक नाय मारली तं जित्यांची पंगत कशी बसल?"

सोलोमियाला माझा आशीर्वाद. नाव फार गोड आहे. गावात तिची आत्ताच सोलूबाय झालीय.

तुझी
सुचिता आत्या


लुब्लिन, १६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आत्या, सा. न. वि. वि.

(वि. वि. म्हणजे काय ते मला माहीत नाही. आजोबांच्या एका जुन्या पत्रात होतं, चांगलं दिसलं म्हणून घातलं.)

सोलोमियाच्या आईचं नाव हान्ना. त्या इथे पोलंडमध्येच, आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. मी हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून आलो की गरम सूप देतात आणि माझ्याकडे बघत बसतात. मी खाल्लं की नाही हे तपासणं हा त्यांचा धंदाच आहे. तुमचं आणि त्यांचं छान जमेल.

वडलांचं नाव वासिल. गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. २०२३ मध्ये ते युद्धात गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, घरात तो विषय कोणी काढत नाही.

आजोबा पेत्रो, आजी येवदोकिया, दोघंही म्हातारपणी वारले. गाव वेर्बिव्का, म्हणजे साधारण विलोच्या झाडांचं गाव. तिथलं देऊळ म्हणजे चर्च संत मिकोलाचं. नदीचं नाव ओरिल. लढाई गावाच्या किती जवळ आलीय ते मात्र विचारू नका. सोलोमिया रोज सकाळी फोनवर नकाशा उघडते आणि लगेच मिटते.

ती मराठी शिकतेय. क, का, कि, की झालं. औषधांच्या दुकानात काम करता करता खोक्यांवर अक्षरं गिरवते. मालक विचारतो, हे कसलं प्रिस्क्रिप्शन?

तुमचा
विपुल


ऐरोली, २ नोव्हेंबर २०२४

विपुल बाळा,

आधी एक चूक. तीर्थरूप फक्त आईबापाला लिहितात. मी तीर्थस्वरूप. एका अक्षराने मला तुझी आई करून टाकलीस!

आता मनातलं. तुझं पत्र मी गोठिवलीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि व्याह्यांची ओळ परत वाचली. शाळामास्तर माणूस, मुलांना नकाशे दाखवणारा, आणि युद्धात गेला. पोरीने इतकं सोसलंय आणि फोनवर नेहमी हसते. तुझी आई म्हणाली, आता आपणच तिचं माहेर. आणि हो, ती खूप रडली, पण यावेळी मी तिला ओरडले नाही.

दादाने पत्रिका छापून घेतल्या. आकाशी रंग, सोनेरी अक्षरं, सगळ्यात वर एकवीरा आई. फोटो जोडतेय, बघ किती छान दिसते: "चि. सौ. कां. सोलोमिया, कै. वासिल व श्रीमती हान्ना यांची सुकन्या, मु. वेर्बिव्का, युक्रेन." त्याचं तेवढ्यावर भागलं नाही. सोलोमियाने पूर्वी पाठवलेल्या फोटोतून व्याह्यांचा चेहरा मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि चंदनाचा हार घालून हॉलमध्ये माझ्या बाबांच्या शेजारी लावला. दिवाळीत दोघांपुढे पणती लावली. माणूस देखणा आहे हो. मिशा अगदी बाबांसारख्या.

काकीने पितरांची ओळसुद्धा जुळवली. "ओरिलीचे काठचा वासिल मास्तर" असं तिने गायलं तेव्हा अंगणातल्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. तुझ्या सासूबाईंना हे सगळं सांग. त्यांना बरं वाटेल.

आत्या


लुब्लिन, ५ नोव्हेंबर २०२४

आत्या,

फोटो खाली उतरवा. आत्ता, लगेच. हार काढा. मग पुढे वाचा.

सोलोमियाचे बाबा वारलेले नाहीत. म्हणजे आम्हाला माहीत नाही. ते सैन्यात भरती झाले आणि २०२३ च्या एप्रिलपासून त्यांचा पत्ता नाही. ना कैद्यांच्या यादीत नाव, ना मेलेल्यांच्या. मला लिहायचं होतं की ते युद्धावर गेले. मी लिहिलं, युद्धात गेले. मराठीत दोन्हीकडे "गेले"च असतं ना, मला वाटलं कळेल. बेपत्ता हा शब्द लिहायचा मी टाळला, कारण इथे तो कोणी उच्चारत नाही. माझ्या भित्रेपणाने आणि माझ्या मराठीने मिळून माणूस मारला.

पत्रिका बघून सोलोमिया आधी खूश झाली. बोट ठेवून ठेवून वाचत होती. वासिल वाचता आलं म्हणून नाचली. मग विचारलं, आधीचं "कै." काय? मी म्हटलं, मान देण्यासाठी असतं. तिने विचारलं, मग आईच्या नावाआधी का नाही? मी पत्रिका मिटायला गेलो आणि तिला त्यावरूनच कळलं.

हान्नांना तिने खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की तुमचं लग्न आनंदाने करा, मी येणार नाही. आत्या, इथल्या चर्चमध्ये दाराशी एक बाई बसते. प्रार्थनेत घ्यायची नावं तिच्याकडे द्यायची, जिवंतांची वेगळी, गेलेल्यांची वेगळी. ती सवयीने विचारते, कशात लिहू? पाद्रीबाबा म्हणतात जिवंतांत द्या. हान्नांना तेही धजत नाही. जिवंतांत लिहिलं आणि ते नसले तर त्यांच्यासाठी कोणी प्रार्थनाच केली नाही असं होईल, असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांनी चर्चला जाणं सोडलं. नवऱ्याचं नावही घेत नाहीत. मग मीही म्हटलं की धवल्यात त्यांचं नाव गाळून टाकू. तर सोलोमिया म्हणाली, माझ्या लग्नात माझ्या बाबांचं नावच नाही?

आईशिवाय ती मांडवात उभी राहणार नाही. तसं बोलली नाही, पण मला दिसतंय.

काहीतरी करा.

विपुल


ऐरोली, १३ नोव्हेंबर २०२४

विपुल,

फोटो त्याच मिनिटाला उतरवला. हार दादाने खाडीत सोडला आणि परत येऊन तुझ्या आईला म्हणाला, मी जित्या माणसासमोर पणती लावली. त्या दिवशी तो जेवला नाही. तुझ्यावर मी दोन दिवस चिडले होते. मग स्वतःवर चिडले. "युद्धात गेले" वाचून एकदाही विचारलं नाही, अरे, कधी, कसे? गेले म्हटलं की आपण लगेच डोळे पुसायला घेतो.

पत्रिकांचा गोंधळ ऐक. दादा काळा पेन घेऊन "कै." खोडायला बसला. ते तर आणखी वाईट दिसायला लागलं, जणू माणसाला मारून परत खोडलाय. छापखान्यात गेला तर ऋषी, छापणारा पोरगा, म्हणाला, "काका, टेन्शन नको, श्री. टाकतो." दादा म्हणाला, ते पण नको. "मग काय टाकू?" दादाने सांगितलं, काही टाकू नको, नावाच्या आधी जागा मोकळी सोड. ऋषी म्हणे, लोक मला हसतील, प्रिंटिंग मिस्टेक वाटेल. दादा म्हणाला, वाटू दे. नव्या पत्रिका तशाच आल्यात. वासिलच्या आधी मोकळी जागा.

राहिली गोजराकाकी. तिला सांगायला मी एकटी गेले, कारण म्हातारी चिडली तर साक्षीदार नकोत. ती ओट्यावर वाल सोलत होती. सगळं ऐकलं आणि सोलतच राहिली. मी म्हटलं, काकी, नाव गाळूया. तर फणकारली, "गालूया? मानूस हाय का भाजीतला खडा?" मग सुपात वाल टाकत म्हणाली, "त्याला पितरांन नाय घालाचा. जित्यांन पन नाय. तो वाटंवं हाय."

वाटंवं म्हणजे वाटेवर. विपुल, मला वाटलं ती असंच बोलतेय. पण ते धवल्यातलं होतं. तिला धवला शिकवला सुंदराबाई नावाच्या जुन्या धवलारणीने. सुंदराबाईच्या तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, खाडीकाठची बरीच माणसं गोदीतून बोटींवर खलाशी म्हणून गेली. एक बोट बुडाल्याचं कळलं. माणसांचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. साहेबाच्या कागदावर त्यांची नावं धड लिहिलेलीच नव्हती. मागे राहिलेल्या बायकांनी कुंकू ठेवायचं की पुसायचं? आणि घरात लग्न निघालं की त्यांना कोणत्या ओळीत बोलवायचं? तेव्हा सुंदराबाईने देव आणि पितर यांच्यामागून गायची तिसरी ओळ बांधली. ती अशी:

जो वाटंवं हाय, त्यानी वाटंनी यावा,
त्याचा पाट दारान मांडून ठेवा.
पितरांचे पानाला नाय, जित्यांचे पंगतीन नाय,
जो वाटंवं हाय, त्यानी वाटंनी यावा.

मांडवाच्या दारात एक रिकामा पाट मांडायचा. त्यावर कोणी बसायचं नाही, त्याला फुलं वाहायची नाहीत, दिवा लावायचा नाही. फक्त जागा ठेवायची. त्या बायका एकेक करून गेल्या, मग ही ओळ गायचं कारण उरलं नाही. काकीने ती लहानपणी ऐकलेली, स्वतः कधीच गायली नाही. शाळेत मी महायुद्धाच्या सनावळ्या पाठ केल्या, रे. हिटलर माहीत, चर्चिल माहीत. आपल्या अंगणातून महायुद्ध गेलं हे पन्नाशीला कळलं.

काकीचा आवाज उन्नतीने रेकॉर्ड केलाय, सोबत पाठवतेय. अर्थ सांगताना यावेळी प्रत्येक शब्द मला विचारून सांग.

आत्या


लुब्लिन, २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्या,

हान्नांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. आधी अर्थ न कळता. मग मी एकेक शब्द सांगितला आणि सोलोमियाने युक्रेनियनमध्ये करून दिला. "वाटेवर" याला त्यांच्याकडे अगदी तसाच शब्द निघाला, त्यामुळे मला काही बिघडवायला वावच नव्हता. त्यांनी विचारलं, या आजीचा कोण हरवलाय? मी म्हटलं, कोणीच नाही. मग विचारलं, त्या बायकांचे नवरे परत आले का? मला माहीत नव्हतं. खोटं बोलणार होतो, पण माहीत नाही असंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूप देताना म्हणाल्या, पाट म्हणजे नक्की केवढा असतो? आणि व्हिसाला फोटो किती लागतात?

आत्या, मी स्वयंपाकघरात उडी मारली! खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने छत ठोकलं.

आता त्यांचे प्रश्न सुरू झालेत. हळद डोळ्यांत गेली तर? इतके लोक जेवणार म्हणजे किती? सुके बोंबील म्हणजे काय, आणि त्यांचा वास गोठिवलीभर येतो का? खाली सोलोमियाने स्वतः लिहिलंय, मी हात लावलेला नाही.

विपुल

आत्या, आई येतो. मी पण येतो. मासे चालेल. खूप प्रेम आहे.
सोलूबाय


ऐरोली, ११ मार्च २०२५

विपुल राजा,

तुम्ही तिघं सुखरूप पोहोचलात, बरं झालं. घर अजून पिवळं आहे. दादाच्या कानात अजून डीजे वाजतोय. तुझ्या सासूबाई नऊवारीत नाचतानाचा व्हिडिओ माझ्या महाप्याच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. आमचे मॅनेजर म्हणाले, यांना कोळीनाच कोणी शिकवला? मी म्हटलं, कोणी नाही, अंगात होता.

पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तेव्हा तुला आत अंघोळ घालत होते आणि तू थंड पाण्याच्या नावाने बोंबलत होतास. सोलोमिया वर मेंदीत अडकली होती. तुम्हा दोघांना कोणी सांगितलं असेल तर अर्धवट सांगितलं असेल. ती पत्राने सांगण्यासारखी आहे.

काकीने देव बोलावले, गावदेव बोलावला, संत मिकोलालाही बोलावलं, अगदी एकवीरेच्या मागोमाग. मग पितर. मग ती थांबली. पाट दारात मांडलेलाच होता. हान्नाताई त्याच्याजवळ, माझा हात धरून उभ्या. काकीने तिसरी ओळ उचलली आणि गायली, "ओरिलीचे काठचा वासिल, वाटंवं हाय."

ओळ संपायच्या आत मागून बायजा ओरडली. आपली दिवाळे गावची बायजा, मासेवाली, जिच्याकडून मी लग्नाचे पापलेट घेतले. "काकी, माझा पन घाल! जयदेव!" विपुल, बायजाचा नवरा कुवेतच्या लढाईच्या वर्षी तिकडे बोटीवर होता. तेव्हापासून ना माणूस, ना निरोप. इतकी वर्षं ती आमच्या दारी येते, मला कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. काकी एक क्षणही थबकली नाही. "दिवाल्याचा जयदेव, वाटंवं हाय." मग शेजारच्या आप्पाची म्हातारी आई उठली. तिचा धाकटा, नामा, शहरासाठी गावाच्या जमिनी घेतल्या तेव्हाच्या आंदोलनात पोलिसांपासून लपायला म्हणून निघाला तो आलाच नाही. "गोठिवलीचा नामा, वाटंवं हाय." मग आणखी एक, मग आणखी. बाहेर डीजेवाला खुणा करत होता, दादाने त्याला हातानेच गप्प केलं.

हान्नाताईंना शब्द कळत नव्हते, पण नावं कळत होती. प्रत्येक नावाला ते देणारी बाई कशी उभी राहते ते दिसत होतं. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी माझा हात सोडला, पुढे झाल्या आणि स्वतः म्हणाल्या, "वासिल." मोठ्याने. परत म्हणाल्या, पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट. काकीने ते तसंच्या तसं गायलं, एवढं लांब नाव, एकाही ठिकाणी न अडखळता. बायजाने हान्नाताईंना मिठी मारली आणि दोघी रडल्या, आणि रडता रडता बायजानेच त्यांच्या गालाला हळद फासली. मग कोणाला आवरता आलं नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी नाचले.

सोलूबायला हे वाचून दाखव. तिला मराठी जमेल तितकं तिलाच वाचू दे.

आत्या


लुब्लिन, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्या,

तुमचं मार्चचं पत्र सोलोमियाने सगळं स्वतः वाचलं. तीन संध्याकाळी लागल्या. "फासली" इथे अडली, म्हणून मी तिच्या गालाला दही लावून दाखवलं.

सोलोमियाच्या बाबांची काही बातमी नाही. कैद्यांची सुटका झाली की आम्ही यादी बघतो. गेल्या महिन्याच्या यादीत नव्हते. पण आता जेवताना त्यांच्याबद्दल बोलणं होतं. ते नकाशावर भारत दाखवताना मुंबई नेहमी चुकीच्या किनाऱ्याला दाखवायचे, हे हान्नांनी सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. भूगोलाचे मास्तर, आत्या!

काल इथल्या एका युक्रेनियन मुलीचं लग्न होतं. तिचा भाऊ बेपत्ता आहे. जेवणाआधी सगळे गप्प बसले होते, कारण कोणीतरी त्याचं नाव काढेल याची भीती होती आणि कोणी काढणार नाही याचीही. हान्ना उठल्या. दाराजवळ एक खुर्ची नेऊन ठेवली. आणि गायल्या. युक्रेनियनमध्ये, पण चाल काकीचीच, शेवटचा सूर तसाच लांबवलेला. त्यांनी हे कधी बसवलं ते आम्हालाही माहीत नव्हतं. नवरीने भावाचं नाव घेतलं. मग पलीकडच्या टेबलावरून एका बाईने मुलाचं. मग एका म्हाताऱ्याने, खुर्ची ढकलून उभं राहून. किती नावं आली ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर जे नाचले सगळे, हॉलच्या मालकाने दोनदा येऊन पाहिलं.

निघताना एका मुलीने हान्नांना विचारलं. ती विद्यापीठात लोकगीतं गोळा करते, फोनवर रेकॉर्डिंग करत होती. म्हणाली, हे गाणं मी कुठेच ऐकलेलं नाही, हे कुठल्या भागातलं?

मी पुढे होणार होतो, गोठिवली, खाडी, सुंदराबाई, सगळं सांगायला. हान्नांनी मला हाताने थांबवलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "आमच्या घरातलं आहे."

विपुल